दोन भाषांची शाळा आणि एक मुख्याध्यापक

बारा वर्षांपूर्वी माझ्या दुकानात एक अर्ज टाइप झाला. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझे झेरॉक्स आणि डीटीपीचे दुकान आहे, त्यामुळे अर्ज टाइप होण्यात विशेष काही नाही. पण हा अर्ज मीच लिहिला, मीच टाइप केला आणि त्यावर पहिली सहीही माझीच होती. आमच्या मुलांच्या शाळेतील मुख्याध्यापिका बाईंची बदली करावी, असा तो अर्ज. खाली बेचाळीस पालकांच्या सह्या.

त्या वर्षी शाळेत पहिलीला सेमी इंग्रजीची एक तुकडी सुरू व्हायची होती. जागा तीस आणि इच्छुक त्याच्या दुप्पट. आम्हा काही पालकांचे म्हणणे होते, छोटीशी चाचणी घ्या. बाई म्हणाल्या, “सहा वर्षांच्या पोराची कसली चाचणी घेता? कायद्यात ती बसत नाही. चिठ्ठ्या टाकू.” चिठ्ठ्या टाकल्या आणि माझ्या मुलीचे नाव निघाले नाही. अर्जात मात्र चिठ्ठ्यांचा उल्लेख नव्हता. ‘शाळेत शिस्त उरलेली नाही, पालकांना विश्वासात घेतले जात नाही, नेतृत्वगुणांचा अभाव आहे’ अशी वाक्ये होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर बाईंना दुसऱ्या गावी प्रतिनियुक्तीवर पाठवण्यात आले. आम्ही पेढे वाटले नाहीत, पण जिंकल्यासारखे वाटले हे खरे.

हा प्रसंग मी जवळजवळ विसरलो होतो. तो परत आठवला तो अमेरिकेतल्या काही शाळांविषयी वाचताना, आणि मग विसरता येईना. या लेखात मुख्यतः त्या शाळांचीच हकिकत आहे.

अर्धा दिवस एका भाषेत

माझा भाचा मेरीलँडमध्ये राहतो. तीन वर्षांपूर्वी त्याचा फोन आला, “मामा, पोरीचा नंबर लागला नाही.” मला वाटले, एखादी महागडी खासगी शाळा असेल. निघाली सरकारी शाळा, फुकट शिक्षणाची. तिथे काही विषय स्पॅनिशमधून आणि काही इंग्रजीतून शिकवतात, आणि प्रवेशासाठी लॉटरी असते. अर्जात प्रश्न होता, घरी कोणती भाषा बोलता? त्याने मराठी लिहिले. पण त्या शाळेच्या हिशेबात दोनच रांगा होत्या, स्पॅनिश बोलणाऱ्यांची आणि बाकी सर्वांची. आमची मराठी इंग्रजीच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

मराठी घरातल्या मुलीला स्पॅनिश कशाला हवे, या कुतूहलातून माझे वाचन सुरू झाले. माझे कॉलेज दुसऱ्या वर्षाला सुटले. इंग्रजी पुस्तक मी अजूनही शब्दकोश शेजारी ठेवूनच वाचतो. पण दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसते, आणि त्या रिकाम्या दुपारी माझ्या उपयोगी पडल्या.

अमेरिकेत दोन भाषांतून शिकवणारी सरकारी शाळा ही नवी गोष्ट नाही. ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरात १८४० पासून सरकारी शाळांमध्ये जर्मन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषा चालत होत्या. पहिल्या महायुद्धात जर्मन ही शत्रूची भाषा ठरली आणि तो प्रयोग संपला. आजच्या शाळांची परंपरा सुरू होते ती १९६३ मध्ये, मायामीच्या कोरल वे या प्राथमिक शाळेपासून. क्यूबात १९५९ ची क्रांती झाल्यावर हजारो कुटुंबे मायामीत आली होती. आपण लवकरच परत जाऊ, अशा समजुतीने त्यांना मुलांचे स्पॅनिश टिकवायचे होते. फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने तिथे अर्धा दिवस इंग्रजी आणि अर्धा दिवस स्पॅनिश अशी शाळा सुरू झाली. निर्वासित होऊन आलेल्यांत शिक्षकही होते. त्यांचा या शाळेला मोठा आधार मिळाला.

पुढे १९६८ मध्ये द्विभाषिक शिक्षणाचा केंद्रीय कायदा झाला. त्यावर सही करणारे अध्यक्ष लिंडन जॉन्सन तरुणपणी टेक्सासमधल्या कोटुला गावी मेक्सिकन वंशाच्या गरीब मुलांचे शिक्षक होते. १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला. त्याचा मथितार्थ असा, की ज्या मुलाला शिक्षकाची भाषाच कळत नाही त्याला इतरांसारखेच पुस्तक, तसेच बाक आणि तोच शिक्षक दिला म्हणून त्याला समान वागणूक मिळाली असे होत नाही.

हा मुद्दा आमच्या भागातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. समन्यायी पाणीवाटपाची चळवळ आम्ही पाहिली आहे. कालव्याचे दार सर्वांसाठी सारखेच उघडले, तरी माथ्यावरच्या शेताला पाणी मिळते आणि टेलच्या शेताला ओल लागत नाही. दार सारखे उघडणे ही समानता झाली. टेलपर्यंत पाणी पोहोचवणे हा समन्याय. अमेरिकेतल्या या शाळांमधली भांडणे दुसऱ्या गोष्टीवरून होतात, पहिलीवरून नाही.

सर्वांना हवी असलेली शाळा

सुरुवातीला या शाळा स्थलांतरितांच्या मुलांसाठी होत्या. मग इंग्रजी बोलणाऱ्या, चांगल्या पगाराच्या घरांनाही त्या हव्याशा वाटू लागल्या. त्याला कारण होते. पोर्टलंड शहरातल्या द्विभाषिक वर्गांचे प्रवेश लॉटरीने होत. त्याचा फायदा घेऊन रँड या संस्थेच्या संशोधकांनी जागा मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांची तुलना केली आणि २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. जागा मिळालेली मुले इंग्रजी वाचनात पाचवीला सुमारे सात महिने आणि आठवीला सुमारे नऊ महिने पुढे होती. म्हणजे निम्मा वेळ दुसऱ्या भाषेत घालवूनही इंग्रजी मागे पडले नाही, उलट सुधारले. माझ्या भाच्याला स्पॅनिश का हवे होते, ते मला इथे कळले.

पण या शाळांची रचना नाजूक असते. वर्गात दोन्ही भाषांची मुले बऱ्यापैकी प्रमाणात हवीत, कारण मुले एकमेकांकडून भाषा शिकतात. स्पॅनिश घरची मुले कमी झाली की दोन भाषांची शाळा नावापुरती उरते. आणि शाळेचे नाव झाले की आसपासची घरभाडी वाढतात, भाडी वाढली की नेमकी तीच कुटुंबे दूर जातात. शाळेचे यशच तिच्या मुळावर येते.

वॉशिंग्टन शहरातली ऑयस्टर शाळा हे याचे ठळक उदाहरण. वुडली पार्क या सुखवस्तू वस्तीतली ही सरकारी शाळा १९७१ मध्ये द्विभाषिक झाली. जवळच्या ॲडम्स मॉर्गन आणि माउंट प्लेझंट भागांत मध्य अमेरिकेतून आलेली कष्टकरी कुटुंबे राहत. शाळेची पद्धत अशी की एका वर्गात दोन शिक्षक, एक इंग्रजीचा आणि एक स्पॅनिशचा. नव्वदच्या दशकात इमारत मोडकळीस आली आणि शाळा बंद पडण्याची वेळ आली, तेव्हा पालक उभे राहिले. शाळेच्या जागेचा एक भाग खासगी विकसकाला देऊन, त्यावर सदनिकांची इमारत उभी करून, त्या व्यवहारातून नवी शाळा बांधायची, अशी योजना झाली. २००१ मध्ये नवी इमारत उघडली. पालकांची ताकद म्हणजे काय, याचा तो धडाच होता. अर्थात वकील, बँका आणि महापालिका यांच्याशी इंग्रजीतून बोलू शकणाऱ्या पालकांची ताकद.

२००७ मध्ये ऑयस्टर शाळा ॲडम्स शाळेशी जोडली गेली. ॲडम्स मॉर्गन या वस्तीचे नाव ज्या दोन शाळांवरून पडले, त्यांतली ही एक. वर्णभेदाच्या काळात ॲडम्स ही गोऱ्यांची शाळा होती आणि मॉर्गन काळ्यांची. १९५४ च्या निकालाने शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरल्यावर दोन्ही शाळांच्या परिसरातले लोक एकत्र आले आणि वस्तीला जोडनाव मिळाले.

२००८ चा वसंत

त्याच २००७ साली वॉशिंग्टनच्या शाळांचा कारभार शिक्षण मंडळाकडून महापौरांकडे गेला. महापौर एड्रियन फेंटी यांनी मिशेल री यांना चॅन्सेलर, म्हणजे सर्व सरकारी शाळांच्या प्रमुख, नेमले. मुख्याध्यापकांचे करार एकेका वर्षाचे असत. २००८ च्या वसंतात री यांनी शहरातल्या अनेक मुख्याध्यापकांचे करार पुढे न चालवण्याचे ठरवले. त्यांत ऑयस्टर-ॲडम्सच्या मुख्याध्यापिकाही होत्या. त्या लॅटिनो समाजातल्या, आणि शाळेचे निकाल शहरात वरच्या पातळीचे. आणखी एक गोष्ट अशी, की री यांच्या दोन्ही मुली याच शाळेत शिकत होत्या.

पालकांत उभी फूट पडली. एका बाजूचे म्हणणे असे की शाळा चांगली चाललेली असताना काही सुखवस्तू, इंग्रजी बोलणाऱ्या पालकांच्या तक्रारी थेट चॅन्सेलरच्या कानी गेल्या, आणि आम्हाला, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्यांना, कुणी विचारलेच नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे की दोन शाळांचे विलीनीकरण नीट हाताळले जात नाही, पालकांशी संवाद नाही, आणि मुख्याध्यापक कोणत्या समाजाच्या आहेत याचा त्याच्याशी संबंध नाही. निर्णय कर्मचारीविषयक असल्यामुळे कारणे पालकांसमोर सविस्तर मांडली गेली नाहीत. मग दोन्ही बाजूंनी आपापली कारणे पक्की धरली.

यात कोण बरोबर होते, हे सांगणे माझे काम नाही. दुसऱ्या बाजूच्या तक्रारी खऱ्याही असतील. चांगल्या निकालांच्या शाळेतही मुख्याध्यापक कमी पडू शकतात. मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. ज्या शाळेत प्रत्येक वर्गात दोन भाषांचे दोन शिक्षक शेजारीशेजारी उभे असतात, त्या शाळेत पालकांचे मत मात्र एकाच भाषेतून वर गेले, अशी निम्म्या शाळेची भावना झाली. वेळापत्रक अर्धे-अर्धे वाटलेले होते. प्रभाव तसा वाटलेला नव्हता.

वाटणी कुठे चुकते

हे धोके आधीच कुणी पाहिले नव्हते असे नाही. ग्वादालूपे वाल्देस या अभ्यासक बाईंनी १९९७ मध्ये हार्वर्डच्या शिक्षणविषयक नियतकालिकात एक सावधगिरीचा लेख लिहिला. त्यांचा एक मुद्दा असा की इंग्रजी घरच्या मुलांना समजावे म्हणून वर्गातले स्पॅनिश सोपे केले गेले, तर स्पॅनिश घरच्या मुलांना स्वतःच्याच भाषेत पातळ शिक्षण मिळते. दुसरा मुद्दा कौतुकाचा. इंग्रजी घरचे मूल स्पॅनिशची चार वाक्ये बोलले की टाळ्या पडतात. स्पॅनिश घरचे मूल इंग्रजी शिकले तर त्यात विशेष काय, ते तर यायलाच हवे. रिबेका फ्रीमन यांनी ऑयस्टर शाळेतच बसून अभ्यास केला आणि १९९८ मध्ये त्यांचे पुस्तक आले. शाळेची मनापासून धडपड असूनही बाहेरच्या जगातला इंग्रजीचा वरचष्मा दाराच्या आत येतोच, हे त्यांनी दाखवले.

दाराच्या आत तो कसा येतो, हे मला माझ्या अनुभवावरून ओळखता येते. पालकसभा कोणत्या भाषेत चालते आणि भाषांतर होत असेल तर ते आधी कुणाचे होते? सभा कधी ठेवतात? रात्रपाळीची हॉटेल-कामगार आई येऊ शकेल अशा वेळी, की कार्यालयातून सुटलेल्या वडिलांना जमेल अशा वेळी? पालक संघाचा निधी कोण जमवते, आणि त्यातून जादा शिक्षक ठेवायचा तर कोणत्या विषयाचा, हे कोण ठरवते? असे शंभर छोटे निर्णय होतात आणि त्यांवर कुणी भांडत नाही. मुख्याध्यापक बदलण्याची वेळ आली की ते सगळे साठलेले एकदम बाहेर येते. माणूस एक असतो, भांडण मात्र सगळ्या शाळेचे असते.

पण कुणाच्या वतीने?

इथे एक सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. स्पॅनिश बोलणारे पालक म्हणजे स्पॅनिशचे आणि आपल्या समाजाच्या मुख्याध्यापकाचे पाठीराखे, आणि इंग्रजी बोलणारे म्हणजे घुसखोर. लॉस एंजलिसच्या नाइन्थ स्ट्रीट शाळेची गोष्ट हा निष्कर्ष मोडून काढते. १९९६ च्या फेब्रुवारीत तिथल्या लॅटिनो पालकांनी मुलांना शाळेत पाठवणे बंद केले. यातले बरेच जण कपड्यांच्या कारखान्यांतले कामगार. त्यांची मागणी होती, आमच्या मुलांना इंग्रजी शिकवा. शाळा त्यांच्या मुलांना मुख्यतः स्पॅनिशमधून शिकवत होती, त्यांचे हित जाणूनच. पण त्यांना विचारून नाही.

या बहिष्काराचा उपयोग दुसऱ्यांनीच करून घेतला. रॉन अंझ या उद्योजकाने पुढाकार घेतला आणि १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात सुमारे ६१ टक्के मतांनी प्रस्ताव क्रमांक २२७ संमत झाला. द्विभाषिक वर्ग राज्यभर मोठ्या प्रमाणात बंद झाले. तो निर्णय फिरवायला २०१६ उजाडले. त्या वर्षी ७३ टक्क्यांहून अधिक मतदारांनी प्रस्ताव क्रमांक ५८ ला कौल दिला आणि शाळांना मोकळीक परत मिळाली. पालकांना वेळीच न विचारण्याची किंमत अठरा वर्षे मोजावी लागली, असे मी या घटनांकडे पाहून म्हणतो. दुसरी कारणेही होतीच, पण ठिणगी तिथली होती.

म्हणून ‘गरीब पालकांना काय हवे आहे ते आम्हाला माहीत आहे’ हे वाक्य कुणीही उच्चारले तरी मी सावध होतो. हितचिंतकाने उच्चारले तर अधिकच.

विचारायची पद्धत

मग विचारायचे कसे? काही शहरांनी याची उत्तरे नियमांत लिहिली आहेत. शिकागोत १९८८ च्या कायद्याने बहुतेक सरकारी शाळांना निवडून आलेली स्थानिक परिषद मिळाली. प्राथमिक शाळेच्या परिषदेत सहा पालक, परिसरातले दोन रहिवासी, दोन शिक्षक आणि मुख्याध्यापक अशी मूळ रचना होती. मुख्याध्यापकाची निवड ही परिषद करते, करार चार वर्षांचा असतो, आणि तो पुढे चालवायचा की नाही हेही तीच ठरवते. मतदानाला नागरिकत्वाची अट नाही. ज्या आईला राष्ट्राध्यक्ष निवडता येत नाही, तिला मुलाचा मुख्याध्यापक निवडता येतो. ही पद्धत निर्दोष नाही. मतदान कमी होते, अनेक जागांना उमेदवारच मिळत नाहीत, आणि गटबाजीही चालते. पण भांडण उघड्यावर होते, आणि हरलेल्याला चार वर्षांनी पुन्हा संधी असते.

ऑयस्टर-ॲडम्सच्या परिसरातही हे बीज पूर्वी पडले होते. त्या जोडनावातल्या मॉर्गन शाळेत १९६७ साली पालक आणि रहिवाशांनी निवडलेल्या मंडळाकडे कारभार देण्याचा प्रयोग झाला होता. चाळीस वर्षांनी, २००८ मध्ये, त्याच वस्तीजवळच्या शाळेत पालकांकडे सल्ला देण्यापलीकडे काही उरले नव्हते.

पैशाच्या बाबतीत पोर्टलंडचा नियम मला आवडला. कोणत्याही शाळेच्या पालकांनी शिक्षक नेमण्यासाठी निधी जमवला, तर पहिले दहा हजार डॉलर त्या शाळेचे आणि त्यावरच्या रकमेचा एक तृतीयांश हिस्सा इतर शाळांसाठी सामायिक निधीत, असा तिथे अनेक वर्षे नियम होता. त्यावरूनही वाद झाले, कारण उरलेला दोन तृतीयांश श्रीमंत वस्तीतच राहतो. पण नियम लिहिलेला असला की निदान कशावर वाद घालतो आहोत ते कळते.

परत दुकानात

आपल्याकडेही कायदा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या एकविसाव्या कलमाप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना प्रमाणात स्थान द्यावे लागते. ही समिती मुख्याध्यापक निवडत नाही. ते जिल्हा परिषदेच्या हातात. पण समितीच्या ठरावाला वजन असते, आणि आमच्या अर्जाला तसा ठराव जोडलेला होता. त्याच कायद्याचे तेरावे कलम प्रवेशासाठी मुलांची चाचणी घ्यायला मनाई करते. बाई म्हणाल्या होत्या ते बरोबर होते. मी ते कलम वाचले, तोवर अर्जाला नऊ वर्षे झाली होती.

ठरावाची सभा ऑक्टोबरात, कामाच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता झाली. आमच्याकडे तेव्हा द्राक्षांची छाटणी असते. ज्या बायांच्या मुलांची नावे चिठ्ठ्यांत निघाली होती, त्यांतल्या बहुतेक बागेत रोजंदारीवर होत्या. नोटीस शाळेच्या फळ्यावर लागली होती, तीही सभेच्या आदल्या दिवशी. समितीवर त्यांच्यातल्या दोघी होत्या. त्यांच्या सह्या नंतर घरी जाऊन घेतल्या. कागदोपत्री सगळे नियमाप्रमाणे होते.

त्यांतली एक बाई गेल्या वर्षी आधारकार्डाच्या झेरॉक्स काढायला आली. तिचा मुलगा आता आयटीआयला आहे. बोलता बोलता मी बाईंचा विषय काढला आणि तिला विचारले, तेव्हा तुम्हाला काय वाटत होते? ती म्हणाली, “बाई चांगल्या हुत्या की. पर आमाला कुनी इचारलंच न्हाई. सही करा म्हनला, केली.”

‘म्हनला’ म्हणजे मीच. सही घ्यायला मीच गेलो होतो.

बाई आता निवृत्त झाल्या आहेत. त्यांना मी पत्र लिहिले, उत्तर आले नाही, आणि यायलाच हवे असा माझा हक्कही नाही. अलीकडे दुकानात मुख्याध्यापकाविरुद्ध किंवा त्यांच्या बाजूने अर्ज टाइप करायला कुणी आले, की मी मजकूर घेण्याआधी एकच विचारतो, सभा किती वाजता झाली होती? बहुतेकांना हा प्रश्न विचित्र वाटतो. काही जण समोरच्या दुकानात जातात.